उजवी काच

हनुमंतअण्णा माझ्या स्कूटरवर मागे बसले की मला रस्त्याकडे बघायची गरज नसे. खरं तर परवानगीच नसे. यशवंतपूरच्या बाजारातून गाडी निघाली की मागून सुरू व्हायचं, "दहा वाजता लॉरी, उभी. एक वाजता सायकल, केळी लादून, आपल्याच दिशेनं. तीन वाजता म्हैस, आपल्याच उंचीवर, अंतर कमी होतंय. दिसली?"

स्कूटरचं नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, पाठ सहा, डावा हात नऊ. हे एकदा डोक्यात बसलं की सोपं होतं. पण म्हशीची उंची कशाला सांगायची, असं मी एकदा विचारलं.

"सांगायची पद्धत आहे," अण्णा म्हणाले. "आज म्हैस जमिनीवर आहे म्हणून. उद्याचं कोण सांगावं?"

आणि 'दिसली' असं मोठ्यानं म्हणावंच लागे. मान हलवून भागत नसे. उत्तर नाही आलं तर ते पुन्हा सांगत, आवाज चढवून, आणि मग त्या म्हशीची खबर माझ्याआधी सगळ्या भाजीवाल्यांना लागे.

लग्नाच्या पंगतीतही तेच. एकदा शेजारी जेवायला बसलो होतो. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "अकरा वाजता वाढपी, जिलबीचं ताट. बघ, तो डावीकडं सरकत नाही, उजवीकडं सरकत नाही. म्हणजे आपल्याकडंच येतोय. पान मोकळं कर." आणि खरंच तो आमच्याच पानाशी येऊन थांबला. काचेतून बघताना जे सरकतं ते बाजूनं निघून जातं, आणि जे एका जागी चिकटून नुसतं मोठं होत जातं ते आपल्यावर येतंय, असा त्यांचा नियम होता. आकाशात शिकलेला, पण वर्गणीवाल्यांना आणि विम्याच्या एजंटांना तंतोतंत लागू पडणारा. समोरच्या फूटपाथवर बॅग घेतलेला माणूस दिसला की अण्णा हळूच म्हणत, "हलत नाहीये रे, पुणेकर. चल आत."

पुणेकर म्हणजे मी. आडनाव बर्वे, पण अण्णांनी ते कधी वापरलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी बेंगळूरला आलो. बोम्मसंद्र्याला निपाणीकर साहेबांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि यशवंतपूरला अण्णांच्या माडीवर खोली मिळाली. कंपनीची बस अख्खं गाव ओलांडून जायची, पण घरात मराठी बोलतात म्हटल्यावर मी ती खोली सोडली नाही. अण्णांच्या घराण्याला इथं येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही धड सांगता येत नसे. त्यांची मराठी कानडीच्या वाफेवर शिजलेली होती. "स्वल्प सरकून बस." "सरी, उद्या बघू." आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'स्वल्प' नाही, 'थोडं' म्हणतात, आणि 'सरी' नाही, 'बरं', असं शिकवलं होतं. माझं वय चोवीस, त्यांचं पासष्ट. त्याचीही मला आता लाज वाटते, पण ती किरकोळ लाज. मोठी पुढे आहे.

अण्णांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झालेली. दुसऱ्यानं केलेलं काम उलटसुलट बघायचं आणि चूक काढायची. ही सवय घरीही होती. चपाती वाढली की आधी उचलून उजेडात धरत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणत, "पास झाली का? मग गिळा आता."

ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास निपाणीकर साहेबांनी एक छोटं चार खुर्च्यांचं, एका इंजिनाचं विमान घेतलं. साहेब ते स्वतः चालवत. जक्कूरच्या धावपट्टीवरून रविवारी उडत, महिन्यातून एकदोनदा बेळगावला आईला भेटून येत. पहिल्यांदा अण्णा तिथं गेले ते नुसते विमानाचे रिव्हेट बघायला. साहेबांनी चला एक चक्कर म्हणून वर नेलं. उतरताना अण्णा म्हणाले, "अकरा वाजता, वर, शिकाऊ विमान, खाली येतंय. दिसलं?" साहेबांना दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून पायलटच्या उजवीकडची खुर्ची अण्णांची झाली. आठ वर्षं ती त्यांची होती.

रविवारी सकाळी अण्णांचा थाट बघण्यासारखा असे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, डोक्याला माकडटोपी, मांडीवर दहीभाताचा डबा आणि खिशात जुन्या धोतराचा मऊ तुकडा. विमानात चढण्याआधी ते अर्धा तास काच पुसत. म्हणत, "काचेवरचा ठिपका आणि पाच मैलांवरचं विमान, दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून आधी पुसायचं. पुसून गेलं नाही तर ते विमान." अक्का दारात उभी राहून म्हणायची, "नाकावरचा चष्मा घरभर शोधतात, आणि म्हणे आकाशात सगळं दिसतं."

अशी सगळी मजा चाललेली असताना साहेबांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"बर्वे, आकाशात गर्दी व्हायला लागलीय. नवनव्या कंपन्यांची विमानं, त्यात शिकाऊ पोरं. जवळ दुसरं विमान आलं की इशारा देणारी यंत्रं निघालीत परदेशात. तू इलेक्ट्रॉनिक्सवाला. अण्णांबरोबर बसून एक निवड. चाचणीला विमानातही बस."

मी हवेतच घरी आलो. कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या वायरी मोजणारा मी, एकदम विमानाचा सल्लागार! तीन कंपन्यांना फॅक्स केले, गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग मागवले, मोठा तक्ता आखला. वजन, वीज, पल्ला, पडदा. दोन आठवड्यांत निकाल लावतो, असं मी साहेबांना सांगून टाकलं. तो तक्ता अण्णांनी उजेडात धरला, चपातीसारखा.

"सुंदर आहे अक्षर," म्हणाले.

पहिलं यंत्र पानाच्या डब्याएवढं होतं. समोर ठेवायचं, वायर जोडायची, झालं. मोठ्या विमानांमध्ये एक रेडिओ असतो. जमिनीवरच्या रडारनं हाक मारली की तो उत्तर देतो. हा डबा ती उत्तरं चोरून ऐकायचा आणि कोणीतरी इतक्या मैलांवर आहे, असं सांगायचा.

"आणि ज्याच्याकडं तो रेडिओच नाही?" अण्णांनी विचारलं.

"तो दिसणार नाही."

"शिकाऊ विमानांत नसतो तो."

"नसतो बहुतेक."

"म्हणजे जो तोंड उघडत नाही तो आकाशात नाहीच. सरी."

कंपनीनं महिनाभरासाठी एक नमुना दिला होता. तो घेऊन आम्ही वर गेलो. निघताना अण्णांनी काचा वाटून दिल्या. "डावी काच साहेबांची. समोरची माझी. उजवी तुझी, पुणेकर. मागं उजवीकडं बस. तुझ्या काचेत काय आलं की ओरडायचं. डबा काय सांगतो, मी काय सांगतो, बघायचं नाही. तुझी काच ती तुझी." कारखान्यात पाळ्या लावून देतात तशा काचा लावून देतायत म्हातारबाबा, असं मला वाटलं. मी हसू दाबून 'हो' म्हणालो.

वर गेल्यावर अण्णांनी समोर तीन शिकाऊ विमानं दाखवली. डबा गप्प. मग एकदम डबा ओरडला, आम्ही सगळे दचकलो, तर आमच्या कितीतरी वरून एक मोठं जेट मद्रासकडे चाललं होतं. अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी दहीभाताचा डबा उघडला. "याला फक्त मोठी माणसं ओळखू येतात!"

दुसरं यंत्र हुशार होतं. ते स्वतः हाक मारायचं आणि उत्तर कुठल्या दिशेनं आलं तेही दाखवायचं. पण त्याला दोन अँटेना लागत, एक छतावर, एक पोटाखाली. अण्णा पट्टी घेऊन विमानावर चढले. "टाळूला भोक, पोटाला भोक. मधलं विमान राहील ना?" मग त्यांनी त्याची शिट्टी टेपवर मागवून ऐकली. "ही कुकरची शिट्टी आहे. साहेब तीन होईपर्यंत वाट बघतील."

तिसऱ्या यंत्रात एक बाई बोलायची. इंग्रजीत सांगायची, ट्रॅफिक, ट्रॅफिक! "कुठं, ते नाही सांगत?" अण्णा म्हणाले. "शेजारीण नुसतीच चोर चोर म्हणून ओरडली तर काठी घेऊन कुठल्या दारात जायचं?"

माझे दोन आठवडे संपले. दोन महिने संपले. अण्णा रोज संध्याकाळी नवे प्रश्न सांगत आणि मी ते इंग्रजीत टाइप करून फॅक्स करत असे. पडद्यावर सरळ ऊन पडलं तर आकडे दिसतात का? साहेबांना डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, मग शिट्टी कुठल्या कानात येणार? उजवीकडच्या खुर्चीत कोणी नसेल तर पायलटला मान न वळवता पडदा दिसेल का? परदेशातला तो मनुष्य सुरुवातीला 'प्रिय महोदय' लिहायचा. नंतर नुसतं 'महोदय' लिहायला लागला. मी अगदी मेटाकुटीला आलो. साहेब भेटले की विचारत, "काय रे बर्वे, निकाल?" आणि माझी मान खाली जाई.

याच दिवसांत मला काहीतरी दिसायला लागलं. अक्कानं उजवीकडून ताकाचा पेला पुढे केला तर अण्णांचा हात भलतीकडेच जायचा. चालताना उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. बघायचं असलं की ते कोंबडीसारखी अख्खी मान वळवत. आणि स्कूटरवर म्हैस आता तीन वाजता दिसेनाशी झाली होती. दिसायचीच ती एक वाजता, एकदम.

इथं एखाद्या बऱ्या माणसाच्या पोटात कालवलं असतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्सं! म्हातारबाबांची नजर गेलीय. यंत्र आलं की खुर्ची जाणार. म्हणून हे टाळूला भोक आणि कुकरची शिट्टी चाललंय! मला इतके दिवस टाइप करायला लावलं ते एका खुर्चीसाठी! मी खरोखर संतापलो. त्यांना उघडं पाडायचं, असं मी ठरवलं. शब्द हाच होता मनात, उघडं पाडायचं.

तो रविवार डिसेंबरातला. बेळगावहून परत येत होतो. नमुन्याचा डबा अजून परत केला नव्हता, समोर ठेवलेला होता. जक्कूर जवळ आलं. अण्णा साहेबांना अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा यंदा किती कोवळ्या आल्यात ते सांगत होते. आणि माझ्या काचेत, उजवीकडे, एक ठिपका होता.

पुसून जाणारा नव्हता. पांढरं शिकाऊ विमान, आमच्याच उंचीवर. सरकत नव्हतं. पुढे नाही, मागे नाही. काचेत एका जागी चिकटून मोठं होत होतं. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. जिलबीच्या ताटावरून शिकलेला होतो मी तो.

डबा गप्प होता. साहेबांचं लक्ष धावपट्टीकडे. अण्णा समोर बघत शेंगांबद्दल बोलत होते.

आणि मी गप्प बसलो.

बघू या यांना दिसतंय का, असं मी मनात म्हटलं. एक. दोन. तीन. मी चक्क आकडे मोजले. चार. त्या विमानाची चाकं दिसायला लागली. पाच. माझे गुडघे पुढच्या खुर्चीच्या पाठीला लागले, इतका मी आखडून गेलो होतो, पण तोंड उघडलं नाही. आता बोलतील, आता बोलतील. सहा. सात.

तेवढ्यात वळण्याआधी साहेबांनी उजवीकडे मान टाकली, त्यांच्या तोंडून बेळगावची एक सणसणीत शिवी निघाली आणि विमान असं खाली गेलं की दहीभाताचा डबा छताला लागला. ते पांढरं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. त्याच्या पोटावरचं तेल मला दिसलं.

उतरल्यावर अण्णा म्हणाले, "साहेब, माझी चूक." साहेब म्हणाले, "असू दे अण्णा." आणि मी? आत कुठेतरी मी खूष होतो. पुरावा मिळाला होता मला.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, अण्णांबद्दल बोलायचं होतं. त्यांना आता दिसत नाही. मी घरी रोज बघतो. आणि खुर्ची जाईल म्हणून ते प्रत्येक यंत्राला नावं ठेवतायत. काल ते विमान मला केव्हाच दिसलं होतं. त्यांना दिसलंच नाही."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुला दिसलं होतं?"

"हो साहेब." हे मी अभिमानानं म्हणालो.

"केव्हा?"

"तुमच्या आधी. चांगली सात सेकंद आधी."

"मग काय केलंस?"

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. माणूस खरोखर जमिनीकडेच बघत राहतो.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खण उघडला आणि एक घडी केलेला रेघांचा कागद माझ्यापुढे टाकला. "यंत्राचं खूळ माझ्या डोक्यातलं वाटलं तुला? वाच."

अण्णांचं अक्षर होतं. पत्र मी तक्ता आखण्याच्याही आधीचं.

'साहेबांस नमस्कार. डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं जात चाललंय, उजवं जास्त. गेलेलं परत येत नाही म्हणतात. तरी आपण लवकर यंत्र घ्यावं. मी पारखून देतो आणि मग उतरतो. माझ्यापेक्षा कमी दिसणारं यंत्र घेऊन उपयोग नाही, एक अर्धा आंधळा जाऊन दुसरा येईल. तोवर माझ्या मागं, उजवीकडं, आमच्या माडीवरच्या मुलाला बसवावं. त्याची नजर फार चांगली आहे. त्याला माझ्या डोळ्यांचं सांगू नये. मनानं हळवा आहे, माझ्याकडं बघून यंत्र निवडेल. घरी अक्काला सांगितलेलं नाही.'

हळवा! मी ते वाक्य पुन्हा वाचलं. माझे कान इतके तापले की हात लावून बघावेसे वाटले. खुर्ची रिकामी असेल तर पडदा पायलटला दिसेल का, हा प्रश्न मी माझ्या हातांनी टाइप केला होता. तीनदा फॅक्स केला होता. मला कळलं नव्हतं.

"उजवीकडं काही आहे की नाही हे मी कुणाच्या भरवशावर बघत नव्हतो?" साहेब म्हणाले. "तुझ्या. अण्णाही तुझ्याच. आम्ही तिघं होतो विमानात, बर्वे. तू पण होतास." मग कागद परत खणात ठेवत म्हणाले, "मी त्यांना सांगणार नाही. तुझं तू सांग."

मी पुण्याचा. चुकलो हे कळायला मला वेळ लागतो, आणि कळल्यावर कबूल करायला त्याहून जास्त. पंधरा दिवस मी अण्णांना टाळलं. सकाळी लवकर निघायचं, संध्याकाळी जिन्यावरून चोरासारखं वर जायचं. एकदा ठरवून खाली आलो, तर अण्णा रेडिओवर कानडी बातम्या ऐकत होते. बातम्या संपेपर्यंत थांबू म्हटलं, आणि संपायच्या आत वर पळालो.

त्या पंधरा दिवसांत अण्णांनी यंत्राचा निकाल लावला. दुसरं, दोन भोकांचं. भोकं कुठं पाडायची त्या खुणाही त्यांनी स्वतः, बोटांनी चाचपून, खडूनं केल्या. शिट्टी बदलून घेतली. सोबत साहेबांना एक चिठ्ठी दिली की यंत्राला मुकी विमानं दिसत नाहीत, तेव्हा उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवू नये, तिथं पुणेकराला बसवावं.

साहेबांनी मला बोलावून ती चिठ्ठी दाखवली. "त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांगितल्याशिवाय त्या खुर्चीत बसायचं नाही."

त्या संध्याकाळी मी सरळ खाली गेलो. अण्णा पडवीत बसले होते, पुढ्यात भिजवलेल्या अवऱ्यांची परात. चिमटीत एकेक दाणा दाबून सालातून सोडवायचं काम. ते परातीकडे बघतही नव्हते. आत अक्का तांदळाच्या पिठात अवरे घालून रोट्या थापत होती, तव्याचा वास पडवीपर्यंत येत होता.

"अण्णा, मला बोलायचंय."

"बस. आधी मी बोलतो." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या रविवारी तुला ते विमान दिसलं होतं."

"तुम्हाला कसं..."

"तुझे गुडघे माझ्या पाठीला लागले. मग तू श्वासच घेईनास. चौतीस वर्षं तपासनीस होतो मी, पुणेकर. तुला दिसलं होतं, आणि मला दिसलेलं नाही हेही तुला कळलं होतं. माझ्या डोळ्यांचं तू ओळखलं होतंस."

"हो," मी म्हणालो.

अण्णा दाणे सोडवत राहिले. "अय्यो, आणि तू गप्प बसलास. साहेबांपुढं म्हाताऱ्याची लाज जाऊ नये म्हणून. मी बोलेन म्हणून वाट बघत बसलास. होय ना?"

नाही. एवढंच म्हणायचं होतं. नाही अण्णा, तुम्हाला उघडं पाडायचं होतं मला. मी आकडे मोजत होतो.

"हे परत करायचं नाही," ते म्हणाले. आवाजात तपासनिसाची धार होती. "माझी अब्रू गेली तर जाऊ दे, स्वल्प दिवस वाईट वाटेल. आकाशात कुणाची लाज राखायची नसते. बोंब मारायची. कळलं?"

"कळलं."

"सरी." त्यांनी सालांचा ढीग बाजूला सारला. मग ते म्हणाले, "पण एक सांगतो. आठ महिने घरात हे डोळ्याचं मी एकट्यानं वागवतोय. घरात भिंतीला लागलो तर अक्काला म्हणायचं, झोपेत होतो. ताक सांडलं तर म्हणायचं, हात ओला होता. रोज नवं खोटं. त्या दिवशी उतरल्यावर वाटलं, या पोराला सगळं कळलंय आणि तो आपल्याला सांभाळून घेतोय. एक माणूस तरी आहे. बरं वाटलं रे. खूप दिवसांनी नीट झोपलो मी."

बघा आता. मी काय करायला हवं होतं? खरं सांगितलं असतं तर त्यांची ती झोप गेली असती, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगतो. पण ते कारण नव्हतं. कारण मी भ्यालो. त्या माणसाच्या तोंडावर माझ्याबद्दलचं जे काही होतं ते पुसलं जाताना मला बघायचं नव्हतं.

"तू काय बोलणार होतास?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. यंत्र छान निवडलंत म्हणणार होतो."

अक्का दोन ताटं घेऊन बाहेर आली. गरम रोटी, वर लोण्याचा गोळा. माझी रोटी संपल्यावर अण्णा म्हणाले, "याला अजून एक वाढ."

"का? काय पराक्रम केला यानं?"

"आहे काहीतरी. तू वाढ."

अक्कानं वाढली. मी ती खाल्ली. मग अजून एक वाढली, तीही खाल्ली.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"रागावले नाहीत."

एवढं मात्र खरं होतं. पुढची चार वर्षं मी त्या खुर्चीत बसलो.